देवाजीभाऊ, ओ निगेटिव्ह

भाऊ, तुम्ही गेलात त्याच्या अकराव्या दिवशी अस्मिताचं हिमोग्लोबिन साडेचारवर आलं.

हे आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर आधी हेच विचारलं असतं. फोन उचलल्यावर रामराम नाही, जयभीम नाही. "किती हाय?" मी आकडा सांगायची, आणि तुम्ही म्हणायचात, "सकाळच्या बसनं निघू का दुपारच्या?" आपलं बोलणं तेवढ्यात आटपायचं. माझ्या मोबाइलमध्ये तुमचं नाव 'देवाजीभाऊ ओ निगेटिव्ह' असंच ठेवलेलं आहे. ते अजून काढलेलं नाही. काढायचा धीरच होत नाही.

एक गोष्ट कबूल करायची आहे. तुमच्या अंगणात तुम्हाला ठेवलं होतं, बायका रडत होत्या, मीही रडत होते, आणि रडता रडता बोटांवर महिने मोजत होते. अस्मिताला शेवटची पिशवी कधी लागली, पुढची कधी लागेल, तेव्हा कोण. तुमच्या पायावर फूल ठेवतानासुद्धा डोक्यात हेच चाललं होतं. लाइनमन माणूस, आठ-आठ मीटरच्या खांबावर चढणारा, शेताच्या धुऱ्यावर बसल्या बसल्या गेला, याचं दुःख करायला मला दोन आठवडे वेळच मिळाला नाही. आधी भीती आली, तुमची आठवण नंतर आली. तुम्ही यावर रागावला नसतात हे मला माहीत आहे, म्हणूनच जास्त लागतं.

तुमची आणि माझी ओळख झाली तेव्हा अस्मिता सहा वर्षांची होती. गडचिरोलीच्या रक्तपेढीसमोरच्या बाकावर मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. तिला सिकलसेल आहे हे कळून वर्ष झालं होतं. तिच्या गुडघ्यांत दुखायला लागलं की ती ओरडायची नाही, फक्त माझ्या साडीचा काठ तोंडात धरायची. माझं रक्त ए पॉझिटिव्ह, तिच्या बाबांचं बी पॉझिटिव्ह, आणि पोर आली ओ निगेटिव्ह घेऊन. आई-बाप दोघं समोर उभे आणि दोघांच्याही रक्ताचा तिला काही उपयोग नाही. त्या दिवशी तुम्ही सहज रक्त द्यायला आला होता. खिडकीतल्या माणसाला मी हात जोडताना तुम्ही पाहिलंत आणि मला विचारलंत, "बाई, गाव कोणतं?" मी कुरखेडा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मंग आपलेच झाले ना. चिंता नोका करू." आणि बाही वर सारत आत गेलात.

मी मात्र चिंता सोडली नाही. ती माझ्या स्वभावातच आहे. तुम्ही खांबावर चढलेले दिसलात की मी शाळेच्या दारात उभी राहून तुम्ही उतरेपर्यंत बघत राहायची. पोरं हसायची. त्यांना काय माहीत, तिथं वर माझ्या पोरीचं रक्त लटकत होतं.

दर तीन महिन्यांनी तुम्ही द्यायचात. मधल्या वेळेसाठी तुम्ही माणसं जमवली होती. वीज दुरुस्तीला गावोगाव जायचात आणि तार जोडता जोडता लोकांना रक्तगट विचारायचात. गटाला गट जुळणारी सहा माणसं तुम्ही अशी धरून ठेवली होती. बसमध्ये तुम्ही मला एकेकाचं कारण सांगायचात. सिरोंच्याचा मासेमार राजन्ना द्यायचा, कारण रक्त दिलं की अंगातली उष्णता उतरते असं त्याला कोणी वैद्यानं सांगितलं होतं. गिरणीवरचा एक जण द्यायचा, कारण त्या दिवशी मालक सुट्टी देत असे. मी म्हणायची, हे काय कारण झालं? तुम्ही म्हणायचात, "बाई, पिशवीवर गट लिवलेला राहते, तारीख लिवलेली राहते. कारण लिवाची जागाच नाई तिच्यावर."

मला ते पटायचं नाही. मी शिक्षिका आहे. चांगलं काम चांगल्या मनानं झालं पाहिजे असं मी वर्गात शिकवते. यावरून आपण किती वाद घातले. आणि मग प्रमोदचं प्रकरण झालं.

बाजारात मोबाइल दुरुस्तीचं आणि बॅनर छापायचं दुकान असलेला प्रमोद. तोही ओ निगेटिव्ह, तुम्हीच शोधलेला. एका पिशवीमागे त्याचे चार फोटो असायचे. सुई टोचताना, हाताचा अंगठा दाखवताना, प्रमाणपत्र हातात, आणि जयंतीच्या शिबिरानंतर चौकात स्वतःचाच बॅनर. मी ते सहन करत होते. पण दीड वर्षापूर्वी त्यानं अस्मिताचा फोटो काढला. ती खाटेवर झोपलेली, हाताला पिशवी लावलेली, आणि खाली त्यानं लिहिलं, 'या गरीब मुलीला मी जीवनदान दिले.' संध्याकाळपर्यंत तो फोटो तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर होता. आठवीतली पोर. तिनं आपला आजार एका मैत्रिणीलाही सांगितलेला नव्हता. आठवडाभर ती शाळेत गेली नाही. आरशासमोर उभी राहून डोळ्यांचा पिवळेपणा बघत राहायची.

मी प्रमोदच्या दुकानात गेले. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी त्याला नको नको ते बोलले. शेवटी म्हटलं की तुझ्या रक्तापेक्षा माझी मुलगी मेलेली बरी. त्या दिवसापासून त्यानं रक्त देणं सोडलं. फक्त अस्मिताला नाही, कोणालाच.

तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही घरी आलात. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. पोरानं चूक केली, ती मी त्याला सांगेन, म्हणालात; पण तुम्हीही जाऊन त्याच्याशी दोन शब्द बोला. मी म्हटलं, मी का? माझी मुलगी तोंड लपवून बसली आहे आणि मी माफी मागू? तुम्ही म्हणालात, माफी नका मागू, दार उघडं ठेवा. मी नाही म्हटलं. पुढे जेव्हा जेव्हा तुम्ही तो विषय काढलात, मी खिडकीबाहेर बघत बसले. तो वाद आपला राहूनच गेला, भाऊ.

त्यातच एकदा परतीच्या वाटेवर, आरमोरीच्या बसस्थानकावर, तुम्ही मला तुमचं कारण सांगितलंत. चहाचा कप हातात होता आणि तुम्ही तो पीत नव्हता. मीच तुम्हाला डिवचलं होतं. म्हटलं होतं, तुम्ही काही फोटोसाठी देत नाही, तुमचं मन स्वच्छ आहे, तुमची आणि प्रमोदची बरोबरी कशी होईल? तुम्ही कप बाकावर ठेवलात. मग म्हणालात, "बाई, त्याच्या फोटोपेक्षा माझं कारण हलकं हाय."

तुमच्या पहिल्या मुलीच्या वेळची गोष्ट. वच्छलाबाईंना बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाले, तिच्या गटाची बाटली आमच्याकडे आहे, तुम्ही एक द्या, मग ती देतो. तुम्ही हो म्हणालात, लघवीला जाऊन येतो म्हणालात, आणि बाहेर पडलात ते दवाखान्याच्या मागच्या चिंचेखाली जाऊन बसलात. नवी नोकरी होती. रक्त दिलं की माणूस कायमचा कमजोर होतो असं तुमच्या मामांनी सांगितलेलं. खांबावर चक्कर आली तर? तुम्ही दोन तास तिथं बसून राहिलात. उठावं म्हटलं तर पाय उठत नव्हते, असं म्हणालात. परत गेलात तेव्हा वच्छलाबाईंना रक्त लागलं होतं. शेजारच्या खाटेवर आपल्या आईला घेऊन आलेला एटापल्लीकडचा एक गोंड माणूस उठला होता आणि त्यानं बाटली दिली होती. त्याला मराठी धड बोलता येत नव्हती. तुम्ही त्याच्यापुढे गेलात तर त्यानं नुसती मान हलवली आणि आईला पेज भरवत बसला. दुसऱ्या दिवशी ती खाट रिकामी होती. त्याचं नाव तुम्हाला कधी कळलं नाही.

"मी वच्छलाले सांगतलं का गावभर रक्त शोधत होतो म्हणून," तुम्ही म्हणालात. "तिनं एवढंच इचारलं, जेवले का? आजपर्यंत तिले माहीत नाई. मी रक्त देतो ना बाई, तं मी काई पुण्य नाई करून राह्यलो. मी त्या चिंचेखालून उठून राह्यलो."

बस लागली, आपण चढलो. मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. घरी जाऊन बाईंना सांगा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मला वाटलं, हे तुमचं आहे, मी त्यात बोलू नये. खरं म्हणजे मला भीती वाटली. तुमच्या मनावरचं ओझं उतरलं आणि तुम्ही रक्त देणं थांबवलंत तर? असा विचार माझ्या मनात आला, भाऊ. आला आणि गेला, पण आला होता.

तर त्या अकराव्या दिवशी साडेचार. अस्मिता दोन पायऱ्या चढली की धापा टाकत होती. तिचे बाबा नोकरीच्या गावी, एटापल्लीला. मी तिला घेऊन गडचिरोलीला गेले. रक्तपेढीत ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती आणि ती त्याच सकाळी एका बाळंतिणीसाठी गेली होती. तिथल्या मॅडमनी चंद्रपूरला, ब्रह्मपुरीला फोन केले. आज नाही, उद्या बघू, असं उत्तर आलं. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की उद्यापर्यंत थांबणं त्यांना बरं वाटत नाही.

माझ्याजवळ तुमच्या माणसांचे नंबर नव्हते. नऊ वर्षांत मी ते कधी घेतलेच नाहीत. तुम्ही होता ना. मी वच्छलाबाईंना फोन केला. सुतकातल्या बाईकडे मी हे मागितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तुमचा मोबाइल जावयाच्या हाती दिला आणि त्याला मोटारसायकलवर गडचिरोलीला पिटाळलं.

वॉर्डाच्या व्हरांड्यात उभी राहून मी तुमच्या फोनवरून फोन लावू लागले. माझ्या फोनवरून लावला असता तर अनोळखी नंबर म्हणून कोणी उचलला नसता. पण तुमचं नाव दिसलं की लोक पहिल्या घंटीला उचलत होते. "बोला भाऊ." प्रत्येक जण असंच. तुम्ही गेल्याचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तुम्ही गेलात हे सांगायचं आणि त्याच दमात रक्त मागायचं, हे मी त्या दुपारी चार वेळा केलं. गिरणीवरचा माणूस मिरची तोडायला तेलंगणात गेलेला होता, तो फोनवरच रडायला लागला. राजन्नानं वीस दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं. तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला, मग मराठीत म्हणाला की तरी येतो, घ्या म्हणावं त्यांना. मी म्हटलं ते घेणार नाहीत. एकाला कावीळ झाली होती. एकाची आई म्हणाली की पोरगा आता देणार नाही, परत फोन करू नका. एकाचा फोन बंद.

सहावं नाव प्रमोदचं होतं.

मी वॉर्डात जाऊन अस्मिताला पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं विचारलं, "कोणी मिळालं का?" मी म्हटलं, मिळेल. परत व्हरांड्यात आले आणि ते नाव दाबलं. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. या वेळी उचलला, पण तो बोलला नाही. तुम्ही गेल्याचं त्याला माहीत होतं. चौकातला तुमचा श्रद्धांजलीचा बॅनर त्यानंच छापला होता, कोणी न सांगता. तुमचं नाव फोनवर बघून त्याची काय अवस्था झाली असेल ते मला तेव्हा सुचलंही नाही.

मी म्हटलं, "प्रमोद, मी अस्मिताची आई बोलते."

दुकानात मी जे बोलले ते मला आठवत होतं, आणि त्यालाही आठवत असणार. मी काहीतरी जुळवाजुळव करू लागले, की त्या दिवशी मी... त्यानं मला पुढे बोलू दिलं नाही.

"कुठी यायचं?" तो म्हणाला.

साठ-सत्तर किलोमीटर उन्हातून मोटारसायकलवर आला. रक्त काढून झालं, तपासण्या, जुळवणी, सगळं होईपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून होता. जा म्हटलं तरी गेला नाही. मी त्याला सरबत आणून दिलं आणि जे फोनवर राहिलं होतं ते बोलले. मी चुकले, तसं बोलायला नको होतं, असं सरळ म्हटलं. तो पेल्याकडे बघत होता. म्हणाला, "मॅडम, मी फोटोसाठीच देत होतो. खोटं काऊन बोलू? दुकानावर लोकं येत, मोबाइलशी बोलत, माझ्याशी कोणी बोले नाई. रक्त देलं का चार लोकं नाव घेऊन हाक मारत." पेला खाली ठेवून म्हणाला, "आज काऊन आलो, ते मले नाई माहीत."

मग त्यानं विचारलं, अस्मिताला भेटू का? भाऊनं मला किती वेळा सांगितलं होतं, म्हणाला, की त्या पोरीची माफी माग. मॅडमची नाही, तिची. मी तिला विचारून आले. तो खाटेपाशी उभा राहिला आणि हातातलं संत्रं फिरवत राहिला. शेवटी अस्मिताच म्हणाली, "स्टेटस नका ठेवू." तो म्हणाला, "मोबाइल दुकानातच ठेवून आलो." माफ केलं, असं ती म्हणाली नाही. पण त्यानं आणलेलं संत्रं तिनं हातात घेतलं.

सूर्य मावळायच्या आत रक्त चढायला लागलं. आता ती बरी आहे. आठावर आली आहे. पुढच्या वेळी काय, ते मला माहीत नाही. मी सहाच्या सहा नंबर वहीत उतरवून घेतले आहेत आणि, ज्या आईनं नको म्हटलं तो सोडून, दर आठवड्याला एकेकाला नुसती खुशाली विचारायला फोन करते. हे मी तुम्ही असताना करायला हवं होतं.

तेरवी झाल्यावर तुमचा मोबाइल द्यायला मी घरी गेले. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, सगळीकडे त्याचा गोड वास. वच्छलाबाई ती हातानं पसरवत होत्या. त्यांनी अस्मिताची चौकशी केली. मग मला बसवून त्या स्वतःहून बोलू लागल्या.

"मी खाटीवर होती ना मॅडम, तवा खिडकी होती मांगच्या अंगानं. चिंचेखाली बसले होते ते. पाठ होती माझ्याकडं. नवऱ्याची पाठ तं ओळखू येते ना."



त्या मोहफुलं पसरवत सांगत होत्या. पहिलं वर्षभर त्यांना तुमचं तोंड बघू नये असं वाटायचं. मुलीला पाजताना डोळे भरून यायचे. मग एक दिवस तुम्ही शिबिरातून हाताला कापूस लावून घरी आलात आणि काही न बोलता जेवायला बसलात. त्या दिवशी त्यांचा राग गेला. तुम्ही ते का करता हे त्यांना तिथंच समजलं. आपण बोललो तर तुमची मान खाली जाईल, म्हणून बोलल्या नाहीत. मग वर्षं गेली आणि बोलायचं राहून गेलं. दर वेळी तुम्ही रक्त देऊन आलात की त्या रात्री अंड्याची भाजी करायच्या. तुम्हाला ते लक्षात आलं होतं का?

"त्यायले माहीत होतं का," त्यांनी मला विचारलं, "का मले माहीत हाय म्हणून?"

तुम्ही मला आरमोरीला जे सांगितलं होतं ते मी त्यांना सांगितलं. सगळं. त्यांच्यापाशी खोटं बोलणं मला जमलं नाही. नाही बाई, म्हटलं, त्यांना माहीत नव्हतं.

त्यांचा हात थांबला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मंग तुमीच सांगा त्यायले. तुमाले लिवता येते. मले नाई येत."

म्हणून हे लिहिलं, भाऊ. वच्छलाबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही जेवला का, हे त्यांनी माहीत असूनच विचारलं होतं.